तोंडपाठ पान

माझी भाची दुसरीत असताना शाळेतली सगळ्यात चांगली वाचणारी मुलगी होती. हे शाळेचं म्हणणं. वर्गाच्या पालक-ग्रुपवर तिचा व्हिडिओ फिरला होता. दोन वेण्या, लाल रिबिनी, हातात उघडं पुस्तक आणि मागच्या रांगेपर्यंत जाईल असा आवाज. खाली पालकांनी अंगठे आणि फुलं टाकली होती. ताईनं तो व्हिडिओ मला पाठवला, बाबांना पाठवला, कळमन्याला फळांची आडत सांभाळणाऱ्या भाऊजींना पाठवला, आणि भाऊजींनी तो संत्र्यांच्या ढिगाजवळ उभं राहून सगळ्यांना दाखवला. बाबा म्हणाले, "आजोबावर गेली पोरगी."

मला तो पाहून आनंद झाला नाही. का झाला नाही, हे दुसऱ्यांदा पाहिल्यावर कळलं. पोरीचे डोळे हलत नव्हते. ते पानावरच्या चित्रावर टेकले होते. बोट तेवढं ओळीखालून सरकत होतं आणि शब्द तोंडातून निघायच्या आधीच ओळीच्या टोकाला पोचत होतं. मग तिथं थांबून आवाजाची वाट पाहत होतं.

संशय घेणं हे आमच्या घरचं वळण आहे. बाबा सदर भागातल्या एका ऑफिसात कारकून होते आणि संध्याकाळी पत्रकं लिहायचे. नळ का कोरडा, रेशनचं दुकान का बंद, वस्तीतली बस का काढून घेतली. प्रत्येक पत्रकाच्या मधोमध जाड अक्षरात एक प्रश्न असायचा: यात फायदा कोणाचा? मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर, आणि अक्षरांबरोबर तो प्रश्नही शिकले. त्यामुळे कोणी टाळ्या वाजवू लागलं की मी आधी टाळ्या सुरू कोणी केल्या ते पाहते. लोकांना हा स्वभाव आवडत नाही. मला आवडतो.

ताईला फोन करून विचारलं तेव्हा कळलं की शाळेत एक प्रथा आहे. तिला म्हणतात 'माझं पान'. प्रत्येक मुलाला पुस्तकातलं एक पान मिळतं. ते त्याचं. घरी सराव करायचा, वर्गात सराव करायचा, आणि पालकसभेच्या दिवशी आईबापांसमोर उभं राहून वाचून दाखवायचं. आईबाप आपापल्या मुलाचा व्हिडिओ काढतात आणि आपलं मूल बसलं की फोनमध्ये डोकं घालतात. दुसऱ्याचं मूल काय वाचतं ते कोणी ऐकत नाही.

"किती दिवस असतं एकच पान?" मी विचारलं.

"पाठ होईपर्यंत," ताई म्हणाली. मग लगेच, "म्हणजे, नीट येईपर्यंत."

पुढच्या रविवारी मी ताईकडे गेले. दिवाळी होऊन गेली होती, सकाळी स्वेटर लागत होता. ताई ओट्यावर कणिक मळत होती. भाची पुस्तक घेऊन आली आणि न सांगता उभी राहिली, पाय जुळवून, हनुवटी वर करून.

"मावशी, वाचून दाखवू?"

पान माकडाचं होतं. माकड संत्र्याच्या झाडावर चढतं, संत्री खातं, माळी येतो, माकड पळतं. तिनं ते असं वाचलं की माळ्याच्या जागी मी असते तर मलाही धाप लागली असती. मी टाळी वाजवली नाही. तिनं वाट पाहिली, मग विचारलं, "नाही आवडलं?"

"आवडलं. आता शेवटून वाच. शेवटचा शब्द आधी, मग त्याच्या आधीचा."

"असं कुठे असते का?"

"आपल्या घरी असते. तुझे आजोबा आम्हाला असंच वाचायला लावायचे."

हे मी तिला चिडवायला सांगत नव्हते. सीताबर्डीच्या एका गल्लीत बाबांचा छापखाना होता, म्हणजे बाबांची पत्रकं छापणारा छापखाना. तिथून कच्चं प्रूफ घरी यायचं. ते आम्ही दोघी बहिणींनी तपासायचं, आणि उलटं तपासायचं. शेवटच्या शब्दापासून पहिल्यापर्यंत. सरळ वाचलं की मन पुढे धावतं आणि काय असायला हवं ते वाचतं. उलटं वाचलं की पुढचा शब्द काय असेल याचा काही पत्ता नसतो, मग जे छापलंय तेच वाचावं लागतं. 'पाणी द्या' ऐवजी 'पाणी घ्या' छापलेलं पत्रक एकदा या पद्धतीनं ताईनंच पकडलं होतं. बाबांनी तिला सायकलवर बसवून बर्डीला नेलं होतं आणि उसाचा रस पाजला होता. मी आठवडाभर जळत होते.

भाचीनं बोट शेवटच्या शब्दावर ठेवलं. मी चित्रावर तळहात ठेवला.

"हात काढ ना."

"चित्राशिवाय."

ती थोडा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "माकड."

शब्द होता 'पळाले'.

"त्याच्या आधीचा?"

"माळी?" ती आता पानाकडे नाही, माझ्या भुवयांकडे पाहत होती. भुवई हलली नाही तसं तिनं बदललं. "संत्री? झाड? मावशी, तू सांगशीन का आता?"

"काय करून राहिली वं तू तिले?" ओट्यावरून ताईचा आवाज आला.

"काही नाही. वाचायला लावून राहिली."

"उलटं वाचाले लावते आठ वर्षाच्या पोरीले, अन् म्हणते काही नाही. तुले तिचं कौतुक पाहावत नाही का वं?"

"तूही असंच वाचायचीस."

"मी तेव्हा सातवीत होती!" ताईनं हातातली कणिक परातीत आपटली, कपाटातून मिठाचा पुडा काढला आणि पोरीसमोर धरला. "वाच बेटा, काय लिहिलं आहे?"

"मीठ," भाची तडक म्हणाली.

"पाहाय!" ताई मला म्हणाली.

"पुडा न वाचताही तेच म्हणाली असती. घरातला मिठाचा पुडा तिला माहीत नाही का?"

ताई माझ्याकडे पाहत राहिली. तिला राग आला होता; पण प्रूफ तपासलेलं माणूस रागातही चूक सोडत नाही. तिनं ओट्यावर कोरडं पीठ पसरलं आणि बोटानं त्यात लिहिलं: कढई. रोजच्या वापरातली वस्तू, तीन अक्षरं. कढई तिथंच, गॅसवर होती.

भाची स्टुलावर चढली. पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"क... कमळ?"

"नीट पाहाय."

"कबूतर?" मग तिचा आवाज एकदम मोठा झाला. "चित्र पाहून सांगायचं असते! बाई म्हणतात पहिलं अक्षर पाहा, चित्र पाहा, अन् ओळखा. इथं चित्र कुठे आहे?"

ताईनं पिठावरून हात फिरवला आणि शब्द पुसून टाकला. मग ती पोरीला म्हणाली, "जा, खेळ जाय," आणि ती गेल्यावर मला म्हणाली, "तिले वाचताच येत नाही."

त्याच आठवड्यात शाळेचा निरोप आला. स्नेहसंमेलनात रंगमंचावर 'माझं पान' वाचण्यासाठी दुसरीतून एका मुलीची निवड झाली आहे. कोणाची, ते सांगायला नको.

आम्ही दोघी शाळेत गेलो. बाई तरुण होत्या, माझ्याच वयाच्या, गळ्यात ओळखपत्र, ओढणीला पिन. त्यांनी आम्हाला लहान मुलांच्या बाकावर बसवलं, त्यामुळे आमचे गुडघे छातीशी आले आणि त्या उंच दिसू लागल्या. असं बसवण्यातही हेतू असेल, असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं.

"तुमची मुलगी खूप कॉन्फिडंट आहे," बाई म्हणाल्या.

"हाव, आहे," ताई म्हणाली. "पण तिले वाचता येत नाही."

"असं म्हणू नका मॅडम. वाचन म्हणजे फक्त अक्षरं जोडणं नाही. मुलाला अर्थ कळला पाहिजे, आनंद आला पाहिजे. आपल्या वेळी बाराखडी घोकून घ्यायचे. आता ती घोकंपट्टी आम्ही बंद केलीय."

"अन् पान घोकून घेता ते?"

बाई हसल्या. त्यांना हे आधी कोणी विचारलं नसावं, किंवा फार जणांनी विचारलं असावं. "तो सराव असतो. तिसरीत गेली की येतं सगळं आपोआप."

आपोआप. मला या शब्दाचा फार संशय आहे. नळाला पाणी आपोआप येईल, बस आपोआप सुरू होईल, असं ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांच्याविरुद्ध आमच्या घरी पत्रक निघालं आहे. मुलं बोलायला आपोआप शिकतात हे खरं आहे. वाचायला शिकत नाहीत. अक्षर ही माणसानं केलेली खूण आहे, ती कोणीतरी हाताला धरून दाखवावी लागते. ही खूण म्हणजे हा आवाज. ही मात्रा लागली की आवाज असा बदलतो. यात घोकंपट्टी आहेच, आणि ती थोडीच आहे, आणि एकदा झाली की आयुष्यभर जगातलं कुठलंही पान तुमचं होतं. शाळेनं ती थोडी घोकंपट्टी वाचवली आणि तिच्या जागी अख्खी पानं घोकायला दिली. यात फायदा कोणाचा? सभेत व्हिडिओ चांगले येतात. आईबाप खूश होतात. आणि तिसरीत जेव्हा पानं वाढतात, चित्रं कमी होतात आणि मूल गप्प बसतं, तेव्हा शाळेच्याच इमारतीत संध्याकाळी एक वर्ग असतो. 'वाचनात मागे? आजच भेटा.' ती पाटी आम्ही येताना फाटकाजवळ वाचली होती. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं मी सिद्ध करू शकत नाही. पण दोन्ही एकाच भिंतीआड आहेत, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आम्ही उठलो तेव्हा बाई दारापर्यंत आल्या. व्हरांड्यात कोणी नाही असं पाहून त्या ताईला हळूच म्हणाल्या, "घरी थोडी अक्षरं घ्या तिची. काना, मात्रा, वेलांटी. फक्त शाळेच्या वहीत नको. वहीत दिसलं की वरून विचारतात मला."

रस्त्यावर आल्यावर ताई म्हणाली, "चांगली आहे बिचारी."

"चांगली आहे की स्वतःला वाचवून राहिली? तिला सगळं माहीत आहे."

"दोन्ही असू शकते ना वं," ताई म्हणाली आणि ऑटोला हात केला.

मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. मथळा होता: 'पालकहो, पानं बदला!' खाली सगळं मांडलं होतं, आणि शेवटी मागणी: स्नेहसंमेलनात कोणत्याही मुलाला त्याचं पान देऊ नका, शेजाऱ्याचं द्या, म्हणजे शाळेचं पितळ सगळ्यांसमोर उघडं पडेल. ते मी ताईला वाचायला दिलं. तिनं सरळ वाचलं, मग सवयीनं उलटं वाचलं.

"चूक नाही सापडली," ती म्हणाली. "चांगलं लिहिलं आहे. अन् हे तू वाटणार नाही."

"काहून?"

"पानं बदलल्यावर मंचावर पहिली कोण उभी राहीन? माही पोरगी. सगळ्या शाळेसमोर 'माकड, माकड' करत."

"एकटी ती नाही ताई, सगळीच मुलं..."

"सगळी नंतर. पहिली तीच. तुह्या पत्रकात शाळा पडते ते बरोबर आहे. पण शाळा पडाच्या आधी ती पडते."

भाची दारात उभी होती, हे आम्हाला उशिरा कळलं. ती माझ्यावर धावून आली. "माझं पान कोणाले देऊ नको! मी त्या दिवशी फ्रॉक घालणार आहो, बाबानं आणला आहे!"

मागणी चुकीची नव्हती. आजही मी ती करेन, पण मोठ्या माणसांच्या बाबतीत. ताईनं पत्रक घडी करून माझ्या पिशवीत घातलं आणि स्वतः फोन घेऊन पालक-ग्रुपवर लिहिलं. मी पाहत होते. तिनं एवढंच लिहिलं: 'घरी मुलांचं पान घ्या, चित्र झाकून शेवटच्या शब्दापासून वाचायला सांगा. माझ्या मुलीला आलं नाही.'

सगळ्यांनी पाहिलं. निळ्या खुणा दिसत होत्या. अंगठा नाही, फूल नाही, एक शब्द नाही. संध्याकाळी ग्रुपवर सूचना आली की यापुढे फक्त अॅडमिन संदेश पाठवू शकतील. ताई ते वाचून हसली, आणि त्या हसण्यात मला पहिल्यांदा बाबा दिसले.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत जाऊन पोरीचं मंचावरचं वाचन काढून आली. बाई म्हणाल्या, मुलीचं मन मोडेल. ताई म्हणाली, मोडू द्या. पोरीचं मन खरंच मोडलं. ती आमच्या दोघींशीही बोलेना. बाबांनी मध्ये पडून पाहिलं, भाऊजींनी संत्र्याची बर्फी आणून पाहिली. फ्रॉक खुंटीवर टांगलेला होता आणि ती येताजाता त्याला हात लावत होती.

दुपारी शाळेतून आली की ताई तिला घेऊन बसायची. क ला काना का. क ला वेलांटी कि. ज्या मुलीनं अख्खी पानं धबधब्यासारखी म्हटली होती, ती आता 'काका' या शब्दावर घाम पुसत होती. मी जायचे तेव्हा हे पाहायचे. माझा संशय इथंही जात नव्हता: ती खरंच वाचते आहे, की ताईच्या ओठांकडे पाहते आहे? म्हणून ताईला मी पोरीच्या मागे बसायला सांगितलं. त्यावरूनही आमचं भांडण झालं. पण ती मागे बसली.

एका दुपारी पोरीनं पाटी ढकलून दिली. "मले येत नाही! आधी येत होतं, तुम्ही दोघींनी माझं वाचणं घालवलं!"

ताईनं पाटी उचलली. तिनं पोरीला रागावलं नाही, समजावलंही नाही. "हाव," म्हणाली, "घालवलं. आता नवीन आणू. हे कोणतं अक्षर?"

"नाही सांगत."

"येत नसन तर नको सांगू."

"येते मले! 'ढ' आहे."

'ढ' होतं.

स्नेहसंमेलनाला आम्ही गेलो, कारण समूहनृत्यात भाचीचं नाव तसंच होतं. मैदानावर खुर्च्या, थंडी, शाली, कानटोप्या. नाच झाल्यावर भाची येऊन आमच्यामध्ये बसली, गालावर लाली फासलेली, तोंड अजून फुगलेलं. मग निवेदकानं सांगितलं, 'माझं पान'. तिच्याच वर्गातली दुसरी एक मुलगी पुढे आली. तिचं वाचन पानाच्या पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंचं होतं, म्हणजे भाचीच्या पानाहूनही मोठं. पुस्तक छातीसमोर उघडं धरून तिनं सुरुवात केली. राजा, हत्ती, नदी. आवाज खणखणीत. भाची ओठ घट्ट मिटून तिच्याकडे पाहत होती. तिथं आपण असतो, हे तिच्या सगळ्या अंगावर दिसत होतं.

हत्ती नदीत उतरला, नदीपार गेला, राजानं त्याला ऊस दिला, गोष्ट संपली. मुलीनं वाकून नमस्कार केला. टाळ्यांचा कडकडाट. टाळ्या थांबल्यावर जी एक फट असते, तिच्यात भाचीचा आवाज आला, मागच्या रांगेपर्यंत जाणारा.

"तिनं पान पलटलंच नाही!"

पुढच्या दोन रांगा वळल्या. कोणी हसलं. ताईनं तिच्या तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. आमच्या पुढच्याच रांगेत एक बाई फोन उंच धरून उभी होती. ती त्या मुलीची आई. तिनं वळून पाहिलं नाही. ती खाली बसली आणि आत्ताच काढलेला व्हिडिओ पुन्हा लावला, आवाज बंद करून. मला तिच्या खांद्यावरून दिसत होतं. मुलीचा अंगठा पुस्तकाच्या काठावर होता आणि शेवटपर्यंत तिथंच राहिला. बाईनं तो व्हिडिओ मागे नेला आणि पुन्हा पाहिला.

मला खात्री होती की ती भांडायला येणार. फाटकाजवळ ती आलीच, मुलीचा हात धरून. मी ताईच्या पुढे सरकले. यांना शाळेनं पाठवलं असेल, असाही विचार माझ्या मनात येऊन गेला.

"ग्रुपवर तुम्हीच लिहिलं होतं ना?" ती ताईला म्हणाली.

"हाव."

"मी त्या दिवशी करून नाही पाहिलं." ती इकडेतिकडे पाहत होती, कोणी शाळेतलं ऐकतंय का ते. "म्हटलं, आपल्या पोरीले तर येते. तुम्ही दुपारी घेता म्हणे तिचं घरी?"

"घेतो. पण हळू चालते बाई. अजून जोडाक्षरं नाही आली."

"मग आणू का मी हिले?"

ताई काही म्हणायच्या आत भाची पुढे झाली. तिनं त्या मुलीच्या हातातल्या बक्षिसाच्या डब्याकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

"ये," ती म्हणाली. "पण आमच्या घरी टाळ्या नाही वाजवत कोणी. अन् माही आई मागून बसते, तिचं तोंड पाहाले भेटत नाही. आधीच सांगून ठेवते."